रॉद्रिग मोहीम, व्हरांड्यातून

८ नोव्हेंबर. क्युरपीप.

उद्या सकाळच्या विमानानं रॉद्रिग बेट. बेटावरची सगळी निसर्गस्थळं बघणार, एकही सोडणार नाही.

जोस्लीन लग्न झाल्यापासून म्हणतेय, एकदा रॉद्रिगला जाऊ या. मी लग्न झाल्यापासून म्हणतोय, नीट तयारी करून जाऊ. लग्नाला तेवीस वर्षं झाली. तयारी आता पूर्ण झाली आहे.

सामान: दोरखंड. होकायंत्र. दुर्बीण. मोठा टॉर्च. शिट्ट्या दोन, एक माझी, एक तिची, चुकामूक झाल्यास. सर्पदंशावरचं पुस्तक. जोस्लीन म्हणाली, तिथं विषारी साप नाहीत. मी म्हटलं, अजून कुणाला सापडले नाहीत असं म्हण.

तिची फक्त एक छोटी बॅग. वर पोहण्याचा पोशाख, नवा कोरा, निळा. हा कशाला, विचारलं. म्हणाली, घालायला. हसू आलं. ही बाई गुडघ्याच्या वर पाण्यात गेलेली नाही. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी तिला सांगून टाकलं होतं, समुद्र हे तुझं काम नव्हे. तिनं ऐकलं. तेवढी समजूतदार आहे.

मोहीमप्रमुख: मी, क्लेन्सी बेगे. सहायक: जोस्लीन. सरकारी ऑफिसचं स्टोअर मी इतकी वर्षं सांभाळतोय. माझ्या सहीशिवाय तिथून एक स्टेपलर हलत नाही. एक बेट काय अवघड आहे?

९ नोव्हेंबर. रॉद्रिग.

विमान पंख्याचं. खिडकीची सीट मी घेतली, वरून प्रवाळाचं कडं कसं दिसतं त्याचा अभ्यास करायचा होता. जोस्लीनचं म्हणणं, मी निघाल्यापासून उतरेपर्यंत घोरलो. डोळे मिटून निरीक्षण करणारा माणूस तिनं पाहिलेला नाही.

मुक्काम ग्राव्हिए गावाच्या वरच्या चढावर, अर्लेत नावाच्या बाईंच्या घरी. सत्तरीच्या असाव्यात, अंगानं भरलेल्या, डोक्यावर गवताची टोपी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. सगळं गाव त्यांना तांतिन म्हणतं, मावशीला म्हणतात तसं. जोस्लीनही विमानतळावर त्यांच्या पिकअपमध्ये बसल्या बसल्या तांतिन म्हणायला लागली. मी जरा अंतर ठेवून आहे. मोहिमेत घरमालकांशी सलगी बरी नाही.

सामान उतरवताना तांतिननं विचारलं (मुस्ये म्हणजे साहेब, त्या मला तसंच म्हणतात), "मुस्ये, हा दोर कशाला? बकरी आणलीय की काय?"

मी सांगितलं, मों लिमों चढायचा आहे. बेटावरचं सर्वांत उंच शिखर.

"मों लिमों? दोर लावून?"

होय म्हटलं. त्या "बरं बरं" म्हणून आत गेल्या. स्वयंपाकघरातून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. शेजारीण काहीतरी विनोदी सांगत असावी.

जेवायला ऑक्टोपसचं कालवण, मका, लाल राजमा, लिंबू-मिरचीचं लोणचं. लोणचं फार तिखट नाही असं मी जाहीर केलं. नंतर पाण्याचा जग एकट्यानं संपवला.

१० नोव्हेंबर. सकाळ.

शिखर सर!

बसनं डोंगराच्या पायथ्याशी सोडलं. जोस्लीनला सूचना दिल्या: दम लागला की थांबायचं, वर बघायचं नाही, माझ्या पावलावर पाऊल. मग होकायंत्र काढून उत्तर दिशा शोधू लागलो. ती सापडायच्या आत आम्ही माथ्यावर पोचलो होतो. बस जिथं सोडते तो पायथा बराच वर घेतलेला दिसतो. हे नकाशात स्पष्ट लिहायला हवं होतं.

माथ्यावर चर्चच्या गायन मंडळाच्या बायका डबे उघडून बसल्या होत्या. एकीच्या कडेवर तान्हं पोर. माझ्या खांद्यावर दोर. एकीनं विचारलं, "टेलिफोनच्या तारेचं काम आहे का?"

मी जोस्लीनला सक्तीनं बसवलं. उंचीवर फुप्फुसांना वेळ द्यावा लागतो. ती बसली ती थेट त्या बायकांत जाऊन, आणि थोड्या वेळानं त्यांच्याबरोबर गाऊ लागली. तिला गाता येतं हे मी विसरलो होतो. म्हणजे माहीत होतं. विसरलो होतो.

वरून अख्खं बेट दिसतं. चहूकडे उथळ हिरवं पाणी, त्यापलीकडे लाटा फुटतात ती पांढरी रेघ, त्यापलीकडे गडद समुद्र. जोस्लीन बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "क्लेन्सी, हे इतकं जवळ होतं."

मी तिची चूक दुरुस्त केली. जवळ नाही म्हटलं, जवळजवळ चारशे मीटर उंच आहे.

तीच तारीख. संध्याकाळ.

अपघात. दुर्गम भागात पाय मुरगळला.

भाग तसा तांतिनच्या अंगणातला, पण अंगण उताराचं आहे. वटवाघळं मावळतीला दरीतून वर येतात, सोनेरी अंगाची, मोठी, ती बघायला दुर्बीण डोळ्याला लावून मागे मागे सरकत होतो, आणि बकरीच्या दोरात पाय अडकला. दोर माझाच होता. तांतिननं दुपारी जोस्लीनकडून मागून नेला होता. बकरीचा आधीचा तुटला होता म्हणे.

माझ्या किंकाळीनं वटवाघळं परत गेली असं जोस्लीन म्हणते. मला ती किंकाळी वाटली नाही. इशारा होता.

११ नोव्हेंबर.

पाय टम्म. तांतिननं हळद-मीठ गरम करून थापलं आणि पिठाच्या पोत्याच्या चिंध्यांनी बांधलं. दवाखान्यातली नर्स येऊन बघून गेली. हाड शाबूत. चार दिवस चालायचं नाही.

मोहीम थांबणार नाही. आजपासून व्हरांड्यातून चालवायची. खुर्ची समुद्राकडे तोंड करून लावून घेतली. लढाईत सेनापती मागेच असतात, पुढे मरायला बाकीचे.

ओहोटीला तांतिन ऑक्टोपस धरायला जातात, उथळ पाण्यातून पार प्रवाळाच्या कड्यापर्यंत. जोस्लीनला बरोबर चल म्हणाल्या. मी स्पष्ट नकार दिला. पाणी, खडक, काटे, विषारी मासे. नकाराची कारणं सांगून झाली तेव्हा जोस्लीन उसने गमबूट घालून फाटकापाशी उभी होती. मग मी परवानगी दिली. शिस्तीत लवचीकपणा लागतो.

दुर्बिणीतून बघत होतो. टोपीवाल्या बायकांची एक ओळ, पाण्यात लांब लांब चाललेली. तिची टोपी कुठली ते कळेना. सगळ्याच सारख्या चालत होत्या.

दुपारी परतली. कमरेपर्यंत भिजलेली, नाक उन्हानं लाल, हातात काठीला लटकवलेला ऑक्टोपस. बोलणं थांबेना. म्हणाली, "त्यानं कोपरापर्यंत हात गुंडाळून टाकला, क्लेन्सी! मला वाटलं आता मी ओरडणार. आणि ओरडलेच नाही."

पुढच्या वेळी ओरड म्हटलं. सुरक्षित असतं.

१२ नोव्हेंबर. सकाळी सात.

महत्त्वाची नोंद. पहाटेपासून कुंपणाच्या बाजूनं एका पक्ष्याचा आवाज. पातळ, लांब, शेवटी वर जाणारा. पक्ष्यांच्या पुस्तकात या बेटावरच्या एका छोट्या दुर्मीळ पक्ष्याचं वर्णन आहे, ते तंतोतंत जुळतं. फोनवर रेकॉर्ड केलं. आवाज माणसांची चाहूल लागली की जास्त येतो. धीट जात आहे.

आजची सगळी सकाळ हलायचं नाही. (तसंही हलता येत नाही.)

तीच तारीख. दुपार.

जोस्लीननं रेकॉर्डिंग ऐकलं. तोंड फिरवून आत गेली. थोड्या वेळानं तांतिन तेलाची बाटली घेऊन बाहेर आल्या आणि फाटकाच्या बिजागरीत तेल सोडलं.

त्यानंतर पक्षी बोललेला नाही. तेलाचा वास सहन होत नसावा. जंगलं कमी होतायत ती अशी.

१३ नोव्हेंबर.

आज जोस्लीन गुहेत गेली, मों लिमोंवरच्या त्या गायन मंडळाच्या बायकांबरोबर. ओळख कधी एवढी वाढली कोण जाणे. मोठा टॉर्च दिला, शिट्टी दिली, गुहेत वागायचे नियम तोंडपाठ करून घेतले. ती गेल्यावर बघतो तर शिट्टी टेबलावर.

गुहा जमिनीखाली खूप लांब आहे म्हणते. छतातून चुनखडीची झुंबरं, खालून वर वाढलेले खांब. एक दगड हुबेहूब माझ्यासारखा, आडवा झोपलेला. बायकांनीही मान्य केलं म्हणे. त्यांनी मला एकदाच पाहिलंय, त्यांना काय कळणार.

वाटाड्यानं मध्ये सगळ्यांना टॉर्च बंद करायला सांगितले. काळोख. हात डोळ्यासमोर धरला तरी दिसत नव्हता.

घाबरली असशील, म्हटलं.

"नाही," म्हणाली. "सगळ्या गप्प झालो. पाणी ठिबकत होतं. कुठून आलो, कुठं जायचं, काही कळत नव्हतं. आणि कुणी सांगतही नव्हतं. इतकं बरं वाटलं मला."

दिशा न सांगणं ही वाटाड्याची चूक आहे. सांगितलं तिला.

ती उठून तांतिनबरोबर राजमा निवडायला गेली.

१४ नोव्हेंबर.

पाय बराच बरा. कासवांच्या अभयारण्यात प्रत्यक्ष हजर राहिलो, तांतिनच्या पिकअपच्या मागच्या बाजूला गादी टाकून. रस्ता खराब. गादी पातळ.

कासवं शेकड्यांनी. सावलीत, उन्हात, वाटेवर, कुठंही. मान खाजवली की पाय ताठ करून उभी राहतात, मान लांबवतात आणि डोळे मिटून घेतात. जोस्लीन एकाजवळ इतका वेळ बसली की बाकीचे पर्यटक पुढे निघून गेले. पुढे चल, म्हटलं, कार्यक्रमात उशीर होतोय. म्हणाली, "याला विचार ना, घाई आहे का." तांतिन मोठ्यानं हसल्या. मीही थोडा हसलो. कर्मचाऱ्यांशी खेळीमेळी ठेवावी लागते.

पाय ठणकू लागला म्हणून एका खडकावर बसलो. खडक हलला. मग उठला. मग चालू लागला. बेट ज्वालामुखीचं आहे, थोडीफार हालचाल होणारच. पण अभयारण्याचा माणूस धावत आला आणि माझ्यावर ओरडला, खडकाला मात्र चुचकारत होता.

१५ नोव्हेंबर.

विश्रांती. जोस्लीन दिवसभर तांतिनच्या शिलाई मशीनवर. तांतिनच्या नातीचं डिसेंबरच्या मध्यात लग्न आहे. पोर्ट मातुर्‍याँच्या शिंप्यानं पोशाख बिघडवून ठेवलाय, छाती घट्ट, कंबर सैल. जोस्लीननं सगळा उसवला. घरी ती लोकांच्या पॅन्ट आखूड करते आणि चेन बदलते, असा पांढरा शुभ्र ढीग मी तिच्या हाताखाली पहिल्यांदा पाहिला.

सुट्टीत काम कशाला, म्हटलं. म्हणाली, हे काम नाही.

मग काय आहे, ते विचारणार होतो. तिनं पुढची शिवण मारायला घेतली. मशीनचा आवाज होता.

१६ नोव्हेंबर.

ईल-ओ-कोको. पक्ष्यांचं बेट. होडीनं तासाभराच्या अंतरावर. नावाडी व्हिल्फ्रेड, तांतिनचा भाचा, चाळिशीचा, कमी बोलणारा. जोस्लीनला मधल्या फळीवर बसवलं, घट्ट धरून ठेवायला सांगितलं. समुद्र तिला झेपत नाही. मी पुढे उभा राहिलो.

वाटेत हवा बिघडली.

हवा बाकीच्यांना चांगली वाटत होती. पण काही माणसांना हवेतले बदल लवकर जाणवतात. मी होडीच्या काठावर ओणवा झालो आणि बराच वेळ ओणवाच राहिलो. देवाचं नाव घेतलं. जोस्लीनला सांगितलं, माझं काही झालं तर स्टोअरच्या किल्ल्या कपाटाच्या वरच्या खणात आहेत. खवळलेला समुद्र, किनारा लांब, चहूकडे पाणी.

व्हिल्फ्रेडनं होडी थांबवली. म्हणाला, "मुस्ये, जरा उतरून चाला. बरं वाटेल."

मला वाटलं चेष्टा करतोय. त्यानं बांबू पाण्यात उभा करून दाखवला. पाणी कमरेइतकं.

जोस्लीन हसायला लागली. तोंडावर हात नाही, काही नाही. होडी हलायला लागली इतकी हसली. मला राग यायला हवा होता, पण पोटात दुसरंच चालू होतं. हे हसणं ओळखीचं वाटलं. कुठं ऐकलं ते ओळखायला वेळ लागला. लग्नाआधी, व्हाकोआच्या बसस्टॉपवर, माझी छत्री उलटी झाली होती तेव्हा.

आणि मग ती उतरली. माझ्याआधी. कमरेइतक्या पाण्यात, होडीचा काठ धरून, मग न धरता. म्हणाली, "ये, मी धरते तुला."

प्रमुखानं होडी सोडायची नसते.

बेटावर पक्षी इतके की आकाश दिसेना. माणसांना भीत नाहीत. अंगावर बसतात. मी झाडाखाली आडवा होतो तर एक काळा पक्षी येऊन छातीवर बसला आणि रोखून बघत राहिला. मला वाटतं, त्याला अधिकार ओळखता येतो. जाताना त्यानं माझ्या शर्टावर जे केलं ते इथं लिहीत नाही. घरी आल्यावर तांतिन म्हणाल्या, डाग हळदीनं जात नाही.

१७ नोव्हेंबर.

उद्या मोहिमेचा कळस. त्रू दार्जां. खडकांच्या मध्ये लपलेला चिमुकला किनारा, चाच्यांनी तिथं चांदी पुरली म्हणतात. गावापासून किनाऱ्याकिनाऱ्यानं पायवाट. पाय आता ठीक आहे. नेतृत्व मी करणार.

जोस्लीन म्हणाली, वाट तिला माहीत आहे, परवा संध्याकाळी ती आणि तांतिन तिथपर्यंत फिरून आल्या. मला कुणी सांगितलं नव्हतं. झोपलो होतो म्हणे.

नकाशा आहे म्हटलं. ऐकीव माहितीवर मोहीम चालत नाही.

१८ नोव्हेंबर.

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवतो.

गावाबाहेर वाट दोन बाजूंना फुटते. जोस्लीन म्हणाली, वरची. नकाशात खालची दिसत होती. मी थांबून नीट समजावलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. तू खालून ये. मी वरून जाते." भांडण नाही, आवाज चढलेला नाही. भाकरी उलटावी इतक्या सहज. आणि गेली. तांतिन तिच्या मागोमाग.

मी खालच्या वाटेनं गेलो. थोड्याच वेळात एक छोटा किनारा लागला. खडक, वाळू, पाणी. ओळखलं: त्रू दार्जां. सगळ्यांच्या आधी पोचलो. नोंद करायला घड्याळही बघितलं. बसलो. बायका चुकल्या याचं वाईट वाटलं. वर्णनात लिहितात तेवढं काही नाही, कुजकं शेवाळ बरंच, एक फुटकी बादली. पण नैसर्गिक सौंदर्य हे बघणाऱ्यावर असतं.

मग हसणं ऐकू आलं. खडकांच्या पलीकडून.

खडक चढलो. हाताला खरचटलं. पलीकडे, खाली, दोन कड्यांच्या मध्ये, दोन्ही हातांनी झाकून धरल्यासारखा एक किनारा होता. वाळू पांढरी, पाणी असं की तळ दिसत होता. हा त्रू दार्जां. मी बसलो होतो त्याला नाव नव्हतं.

पाण्यात एक बाई हात मारत होती. निळा पोशाख. मला आधी दुसरीच कुणी वाटली. आधी खाली जाते असं वाटायचं, मग वर यायची, पुढे सरकायची. तांतिन गळ्याइतक्या पाण्यात तिच्यासमोर उभ्या होत्या, हात पसरून, पण धरत नव्हत्या. मागे मागे सरकत होत्या. "ये पोरी, ये, अजून ये!" ती येत होती. वाईट पोहत होती. पण पोहत होती.

शिट्टी काढली. तोंडाला लावली. वाजवली नाही. वारा उलट दिशेचा होता.

खाली उतरायला वाट होती, पण पायाचा विचार करावा लागतो. मी वरच बसलो. बराच वेळ बसलो. एकदा तिनं वर बघितलं, मी दिसलो, हात हलवला. मीही हलवला. तिनं खाली ये म्हणून खुणावलं. मी पाय दाखवला.

हाच पाय घेऊन मी खडक चढलो होतो. ते तिला दिसलं असणार.

१९ नोव्हेंबर.

सामान भरायला घेतलं. जोस्लीन दारात उभी राहिली. म्हणाली, "माझं नको भरूस. मी लग्न होईपर्यंत राहते."

कुणाचं लग्न? माझं डोकंच चाललं नाही. तांतिनच्या नातीचं. पोशाख अर्धाच झाला आहे, शिवाय करवल्यांचेही तिनं अंगावर घेतलेत.

मी विचारलं, घराचं काय? म्हणाली, तू आहेस ना. मी म्हटलं, माझ्या जेवणाचं काय? म्हणाली, तू आहेस ना. मी म्हटलं, निदान विचारायचं तरी. म्हणाली, "विचारत नाहीये, क्लेन्सी. सांगतेय."

मग पलंगावर बसली, माझे मोजे गुंडाळायला लागली. म्हणाली, "तुला सोडून चाललेय असं डोक्यात घेऊ नकोस. तसलं काही नाही. पण तू शेजारी नसलास की मला बरंच काही येतं."

हे कौतुक की तक्रार, ठरवता आलं नाही. कौतुक धरलं.

पूर्ण विचार करून परवानगी दिली. ती तोवर मशीनपाशी गेली होती.

२० नोव्हेंबर. क्युरपीप.

एकटाच परतलो. विमानतळावर तांतिननं पपई भरलेला केक दिला, कागदात बांधून. "मुस्ये, पायाची काळजी घ्या." जोस्लीननं गालाला गाल लावला. तिच्या केसांना मिठाचा वास. खिडकीची सीट मिळाली होती. या वेळी झोपलो नाही. खाली सगळं दिसत होतं, ती पांढरी रेघसुद्धा. दाखवायला शेजारी कुणी नव्हतं. एक माणूस होता, त्याला दाखवली. तो रॉद्रिगचाच निघाला.

इथं पाऊस. घर बंद होतं म्हणून ओलसर वास.

२१ नोव्हेंबर.

ऑफिस. सगळ्यांनी विचारलं, कशी झाली मोहीम? यशस्वी म्हटलं. त्रू दार्जांचं वर्णन केलं, पाण्याचा रंग, कडे, सगळं. समोरच्या टेबलावरचा पुरन म्हणाला, "पाण्यात उतरलास की नाही?" मी म्हटलं, देखरेखीला कुणीतरी वर लागतं. म्हणाला, जोस्लीन कशी आहे? मी म्हटलं, तिला काही दिवस तिथंच ठेवली आहे.

"तू ठेवलीस?" पुरननं विचारलं.

स्टेपलरच्या चौकशीला माणूस आला म्हणून उत्तर राहून गेलं.

मी नसताना बदली माणसानं स्टोअर चालवलं. काही अडलं नाही म्हणे. तपासून बघतो आहे, काहीतरी अडलं असणार.

२३ नोव्हेंबर.

घरी सार्डिन आणि पाव. काल पाव आणि सार्डिन. घर व्यवस्थित चालू आहे.

जोस्लीननं फोटो पाठवला. पोशाख पूर्ण. नात हसतेय. जोस्लीन तिच्या पायाशी गुडघ्यावर बसून दोऱ्याचं टोक दातानं तोडतेय, फोटो काढतायत याकडे लक्षच नाही. बराच वेळ मोठा करून बघितला. नाकाची कातडी निघालीय. टोपी घालत जा, असं लिहिलं. पुसलं. सुंदर आहे, असं लिहिलं. पोशाख, असं पुढे लिहिलं. तेही पुसलं. नुसतं सुंदर आहे, एवढंच गेलं.

तिचं उत्तर: कोण, पोशाख?

उत्तर काय द्यावं याची दोन-तीन प्रारूपं केली. त्यात झोप लागली.

२४ नोव्हेंबर. संध्याकाळ.

निर्णय: लग्नाला रॉद्रिगला जायचं. रजा शिल्लक आहे. दोर न्यायचा नाही. नकाशाही नाही. या वेळी पाण्यात उतरायचं, निदान गुडघ्याइतकं. आधी विमानाचं तिकीट काढून तिला चकित करावं असा बेत होता. संगणकासमोर बसलो. मग तसं केलं नाही. फोन लावला.

मागे माणसांचा गलका, अकॉर्डियन वाजत होतं, कुणीतरी तिला हाक मारत होतं. इकडचं तिकडचं बोललो. पाऊस, सार्डिन. मग म्हटलं, लग्नाला मी येऊ का?

तिनं तिकडं कुणाला तरी "आले" म्हटलं. फोन ठेवते की काय असं वाटलं.

मग म्हणाली, "विचारतोयस?"

हो म्हटलं. उभा राहून म्हटलं. उभ्यानं आवाज नीट जातो.

"थांब," म्हणाली. आवाज हसरा वाटला. खात्री नाही, तिकडं सगळेच हसत होते. "लग्नाला घर पाहुण्यांनी भरणारेय. तांतिनला विचारून सांगते."

२७ नोव्हेंबर.

अजून निरोप नाही. तांतिन कामात असतील. लग्नघर आहे.